बुजवलेलं साणं

कच्चं. एवढा एकच शब्द योजनेच्या कागदावर यशोदाबाईच्या नावापुढे लिहिलेला होता. सुनेनं, ज्योतीनं तो वाचून दाखवला, तेव्हा यशोदाबाईच्या हातावरची कळण्याची भाकर तव्यावर पडायची ती पुन्हा परातीत पडली.

"काय लिहिलंय? परत वाच."

"छताचा प्रकार, कच्चं," ज्योती म्हणाली.

"कच्चं! माझ्या सासऱ्यानं गिरणीत दोन-दोन पाळ्या करून बांधलंय हे. ह्याच्याखाली मी तीन पोरं जन्माला घातली. सत्तर पावसाळे ह्याच्या डोक्यावरून गेले. अन् कालचं कुणी कारटं येऊन म्हणतं, कच्चं! त्याचं तरी काय पक्कं झालंय ते बघू दे मला. मिसरूड तरी फुटलीय का त्याला?"

"आई, हे सगळ्याच घरांना लिहिलंय. मातीचं छत असलं की कच्चंच लिहितात म्हणे."

"लिहितात म्हणे! लिहिणाऱ्याच्या हाताला काय, वाटेल तिकडे वळतो."

अन् तिनं ती भाकर पुन्हा थापली. पण ती जाडच झाली. रागात थापलेली भाकर कधी पातळ होत नाही, हे कुणीही बाई सांगेल.

आता ही घरं कशी, ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. धुळ्यात जुन्या गिरणीच्या मागच्या अंगाला नऊ घरांची एक ओळ आहे. एकाला एक चिकटलेली. दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे एकीनं खुंटी ठोकली की दुसरीच्या फळीवरचे कप वाजतात. अन् भिंती नऊ घरांच्या दहा असल्या तरी छत एकच. वर चढलं की पहिल्या घरापासून नवव्या घरापर्यंत चपला न काढता चालत जावं. हे छत म्हणजे धाबं. खाली सागाचे सर, म्हणजे तुळया, त्यांच्यावर किलच्या, म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या, शेजारी शेजारी लावलेल्या, त्यांच्यावर कडूनिंबाचा पाला, अन् वर हातभर माती. सगळ्यात वर खारी. ही पांढरी खारट माती पाणी आत घेत नाही अन् ऊनही परतवून लावते. दरवर्षी मृगाच्या आधी सगळी ओळ एकाच दिवशी वर चढायची अन् खारी टाकायची. एकाच दिवशी, कारण उतार एकच. पहिल्या घरावर पडलेलं पाणी नवव्या घराच्या पन्हाळीतून गल्लीत पडतं. मधल्या कुणी आळस केला तर त्याचं पाणी शेजारणीच्या चुलीत. म्हणून त्या दिवशी ओळीत कुणाचं कुणाशी भांडण नसायचं. दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं.

आणि प्रत्येक घराच्या धाब्याला मधोमध एक साणं. साणं म्हणजे छतातलं टीचभर भोक. त्यातून उजेड आत येतो अन् ऊब वर निघून जाते. पावसात त्यावर फरशीचा तुकडा ठेवायचा.

तर ह्या ओळीसाठी शहरात योजना आली होती. जुन्या ओळीतली घरं थंड करायची, विजेचं जळणं कमी करायचं. धाबं काढून टाकायचं अन् दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेले मोठे तक्ते वर बसवायचे. फुकट. पहिल्या घराच्या रुपचंदनं तर हौसेनं आपलं घर नमुन्याला दिलं होतं. त्याचं घर उताराच्या वरच्या टोकाला, तिथून पाणी निघतं, म्हणून ते एकटं तोडता आलं. बाकी आठांचं तसं नव्हतं. आठांनी सह्या केल्या तरच आठांचं होणार. सात सह्या झाल्या होत्या. आठवी यशोदाबाईची. एकतीस मे ही शेवटची तारीख.

रुपचंद गल्लीत ज्याला त्याला सांगत होता, "एका म्हातारीपायी सात घरं उकडून मरतील."

हे यशोदाबाईच्या कानावर गेलं. तिनं ओट्यावरूनच उत्तर पाठवलं, "त्याला म्हणावं, मी म्हातारी शे, पन बहिरी नही शे!"

योजनेचा पोरगा आला तो भर मेच्या दुपारी. भूषण नाव. जळगावचा. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, अन् घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.

"आजी, आत येऊ का?"

"आजी तुझ्या घरी. इथं अक्का म्हणतात मला. ये. चपला बाहेर. पाणी पी आधी, मग बोल. तहानलेल्या माणसाशी भांडायची आमच्यात रीत नाही."

तो पाणी प्यायला. आतमध्ये दोन कूलर धडधडत होते, तरी घर दमट अन् कोंदट होतं. भूषणनं वर पाहिलं. वर गुळगुळीत पांढरं पीओपीचं छत, मध्ये फुलाची नक्षी.

"अक्का, सहीचं…"

"सहीचं नंतर. आधी मला सांग, आमची घरं तोडून तुला काय मिळणार?"

"मला काही नाही. कार्बन कमी होईल."

"तो कोण?"

भूषण हसला. "धूर समजा, अक्का. जो डोळ्यांना दिसत नाही तो धूर. वीज जाळली की तिकडे कोळसा जळतो. त्याचा धूर वर जाऊन साठतो, म्हणून ऊन वाढतंय."

"दिसत नाही तो धूर मला सांगू नको. मी चुलीपुढे चाळीस वर्षं काढली, सगळे धूर बघितलेत मी. ऊन वाढलंय हे खरं. पूर्वी ह्या दिवसांत कावळा तरी उडायचा दुपारी. पण मला सांग, ह्या ओळीनं असा कोणता धूर काढला? आमच्याकडे मोटारी? आमच्याकडे विमानं? एक दिवा अन् एक पंखा, तोही अर्धा वेळ बंद. धूर काढला कुणी, अन् छप्पर तोडायचं कुणाचं?"

"तुमच्याकडे दोन कूलर आहेत, अक्का," भूषण हळूच म्हणाला.

यशोदाबाईला उत्तर नसलं की ती प्रश्न बदलते.

"तुझे ते तक्ते कुठून येणार?"

"गुजरातेतून. ट्रकनं."

"आणि आमची माती?"

"ती उचलून बाहेर टाकावी लागेल. तीही ट्रकनं."

"म्हणजे थंड माती बाहेर न्यायला एक ट्रक, अन् पत्रा आत आणायला दुसरा. अन् धूर कमी करायला निघालाय! तुझ्या आईनं तुला जळगावहून पाठवलं तेव्हा डोकं बरोबर दिलं होतं का घरीच विसरलास?"

पोरगा रागावला नाही. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. हे यशोदाबाईला आवडलं, पण तिनं दाखवलं नाही.

एवढ्यात दारात रुपचंद येऊन उभा राहिला. मागे चार-पाच जण. सही झाली का बघायला आले होते.

"काकू, करून टाका ना आता," रुपचंद म्हणाला. "तुमच्याच घरात बसवत नाहीये. माझ्याकडे येऊन बघा कसं गार आहे."

"गार!" यशोदाबाई उठून ओट्यावर आली. "पत्र्याखाली गार? रुपचंद, तुझा बाप धाब्यावर झोपायचा, तेव्हा त्याला गोधडी लागायची मेमध्ये! ए भूषण, ते उष्णता मोजायचं यंत्र आहे ना तुझ्याकडं?"

"आहे. डबी आहे. तासभर टांगून ठेवायची."

"टांग. आज. आत्ता. ह्याच्या घरात अन् माझ्या घरात. माझ्या धाब्याखाली ह्याच्या पत्र्यापेक्षा जास्त भरलं, तर मी सही करीन. बठ्ठा लोकेसमोर, सगळ्यांदेखत सांगस, यशोदाबाईनं आजवर शब्द फिरवला नाही."

शब्द देऊन बसली, अन् मग तिला आपलं छत आठवलं. पण तोंडातून निघालेला शब्द म्हणजे म्हशीच्या तोंडात गेलेला चारा. परत कसा येणार?

भूषणनं तीन डब्या काढल्या. एक रुपचंदकडे, एक इथे, अन् तिसरी उरली म्हणून शेजारी मुमताजच्या घरात टांगली. कूलर, पंखे सगळं बंद करायला लावलं.

मुमताज म्हणजे ओळीतल्या खाजा गवंड्याची बायको. खाजा जाऊन सहा वर्षं झाली. ओळीतल्या नऊही घरांचा उतार त्यानंच काढलेला, अन् मुमताज त्याच्या हाताखाली टोपल्या वाहून वाहून अर्धी गवंडी झाली होती. घर मुलाच्या, अतिकच्या नावावर. त्यानं सही करून टाकली होती, आईला न विचारता. मुमताज त्यावर एक शब्द बोलली नव्हती. तिची ती खोडच होती. बोलायची नाही, नुसती बघायची. यशोदाबाईला त्या बघण्याचा फार राग येई.

तासाभरानं भूषणनं डब्या काढून आणल्या. सगळी ओळ गल्लीतल्या लिंबाखाली जमलेली.

"बाहेर चव्वेचाळीस," त्यानं वाचलं. "रुपचंदभाऊंचं घर, अडतीस."

"बघा!" रुपचंद म्हणाला.

"यशोदा अक्कांचं घर…" तो थांबला. "एकेचाळीस."

लिंबाखाली कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. यशोदाबाईला भांडता आलं असतं.

"आणि मुमताजबींचं," भूषण डबी पुन्हा पुन्हा बघत होता, "पस्तीस. हे कसं काय? दोन घरांत एक भिंत, वर एकच छत. सहा अंशांचा फरक येतो कुठून?"

कुणी उत्तर देईना. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. वर चढणाऱ्या प्रत्येकाला यशोदाबाईच्या छतावर काय आहे ते दिसत होतं. पण तिला सांगणार कोण? मुमताज फक्त बघत होती.

"सही, काकू," रुपचंद म्हणाला. "शब्द दिलाय."

यशोदाबाईनं पदर खोचला. "दिलाय. अन् पाळीन. तारीख कोणती रे शेवटची? एकतीस ना? मग एकतीसला करीन. तोवर धाबं माझं आहे. कुणी हात लावला तर हात इथंच ठेवून जाईल."

अन् ती आत जाऊन दार लावून बसली. त्या उकाड्यात, कूलर न लावता. हट्टानं.

खरं काय होतं ते आता सांगायला हरकत नाही. बारा वर्षांपूर्वी तिनं स्वतःच ते साणं सिमेंटनं बुजवलं होतं. वरची खारी खरवडून काढून तिथं काळा डांबरी कागद अंथरला होता, कारण खारी टाकली की खालच्या नव्या पीओपीवर माती झडेल असं पीओपीवाल्या कारागिरानं सांगितलं. किलच्या दिसू नयेत म्हणून खालून पीओपी. ओळीला तिनं सांगितलं, किलच्यांतून विंचू पडला, मुलाच्या, कुंदनच्या अंगावर पडता पडता राहिला. खाजा तेव्हा म्हणाला होता, "अक्का, घराचं नाक बंद करताय तुम्ही." तिनं त्याला उत्तर दिलं होतं, "तू तुझ्या घराचं नाक सांभाळ." अन् तेव्हापासून घर तापायला लागलं. पहिल्या वर्षी एक कूलर आला, तिसऱ्या वर्षी दुसरा. ती म्हणायची, ऊन वाढलंय.

ऊन वाढलंच होतं. पण मुमताजकडे एकही कूलर नव्हता.

दिवेलागणीला तिनं मधल्या भिंतीवर मुठीनं दोनदा ठोकलं. ओळीत बोलावणं असंच जातं. मुमताज आली. दारातच उभी राहिली.

"बोल काय बोलायचं ते," यशोदाबाई म्हणाली. "बारा वर्षं बघतेयस नुसती."

"काय बोलू अक्का? खाजा बोलले होते. त्यांचं ऐकलं नाही, माझं काय ऐकणार होता."

"आठ दिवस आहेत. होईल का?"

मुमताजनं वर त्या पांढऱ्या फुलाकडे पाहिलं. "हे पाडायचं?"

"पाडायचं."

"तुमच्या हातानं?"

"मग काय तुझ्या? मी लावलंय, मीच पाडीन. तू फक्त मातीचं सांग."

मुमताज पहिल्यांदा हसली. "माती तर माझ्यावर सोडा. फक्त मी सांगेन ते ऐकायचं. माझ्यावर ओरडायचं नाही."

"ओरडणार. पण ऐकीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, यशोदाबाई पलंगावर उभी राहिली. हातात मुसळ. मुलगा कुंदन खालून म्हणत होता, "आई, उतर, मी करतो." तिनं त्याच्याकडे न बघता पहिला घाव घातला. पांढरं फूल फुटून खाली आलं. मग दुसरा. बघता बघता घर पिठाच्या गिरणीसारखं पांढरं झालं, यशोदाबाईसकट. वर किलच्या दिसायला लागल्या, सत्तर वर्षांच्या चुलींनी काळ्या कुळकुळीत केलेल्या. अन् मधल्या सराला लोखंडाची कडी. तिला पाळणा टांगायचे. कुंदन त्यातच झोपला होता. त्याच्या पोरींना मात्र कधी पाळणा मिळाला नाही, प्लास्टिकच्या झुल्यात वाढल्या.

ज्योती खाली केरसुणी घेऊन उभी होती. "आई, आता विंचू पडला तर?"

आता काय, तोंडावर एवढी पांढरी धूळ बसली होती की लाज वाटली तरी दिसणार नव्हती. यशोदाबाई मुसळ टेकवून म्हणाली, "कसला विंचू? विंचू नव्हता पडला."

"मग?"

"तुझ्या माहेरचे यायचे होते. तुला बघायला आम्ही दोंडाईच्याला येऊन गेलो, तुमचं ते सिमेंटचं घर बघितलं. वर पत्र्याचं नवं छत, रंग दिलेला. अन् आमच्याकडे धाबं. म्हटलं, तुझा बाप बघेल अन् म्हणेल, गिरणीतली माणसं, मातीखाली राहतात, कशाला द्यायची पोर. म्हणून पंधरा दिवसांत हे केलं."

ज्योतीच्या हातातली केरसुणी खाली पडली. आधी तिचे खांदे हलले, मग ती ओट्यावर बसली अन् तोंडाला पदर लावून अशी हसायला लागली की डोळ्यांतून पाणी.

"काय झालं? वेडी झालीस का?"

"आई… आमचंही धाबंच होतं! तुम्ही येणार कळलं तेव्हा आबांनी आठ दिवसांत वर पत्रे चढवले. शेजारच्या काकांचे, उसने. तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी परत काढून दिले. आबा म्हणाले होते, धुळ्याचे लोक शहरातले, त्यांना धाबं दाखवलं तर पोर नाकारतील!"

यशोदाबाई पलंगावर मट्कन बसली. दोन घरं, दोन धाबी, दोघांनी एकमेकांपासून झाकून ठेवली. अन् त्यातल्या एका घरानं बारा वर्षं उकाडा सोसला. दोंडाईच्याच्या व्याह्यानं निदान पत्रे परत तरी केले. शहाणा माणूस!

"तुझ्या बापाला फोन लाव," ती म्हणाली. "नाही, नको लावू. आधी हे पुरं होऊ दे. मग मी स्वतः सुनावते त्याला."

वरचं काम दुसऱ्या दिवशी निघालं. डांबरी कागद तापलेला, मातीला चिकटलेला, तो पहाटेच्या गारव्यात सोलून काढावा लागला. खालची माती ओली. मे महिन्यात ओली! बारा पावसाळ्यांचं पाणी कडेनं आत जाऊन तिथंच कोंडलेलं, कुबट वास मारत होतं. मुमताजनं मातीत हात घातला, चिमूट चोळली, अन् मग दोन घरांच्या मधल्या भिंतीजवळ खुरप्यानं उकरलं. तिथली किलची वाळवीनं पोकळ झाली होती. बोटानं दाबली तर पापडासारखी मोडली.

"अजून एखादा पावसाळा," मुमताज म्हणाली, "आणि हे खाली आलं असतं. माझी भिंत घेऊन."

यशोदाबाईनं त्या पोकळ किलचीकडे पाहिलं. तिनं आयुष्यात किती जणांची माफी मागितली असेल, ते एका हाताच्या बोटांवर मोजून बोटं उरतील. आत्ताही तिनं मागितली नाही. तिनं टोपली उचलली, डोक्यावर घेतली अन् म्हणाली, "तुझ्याकडच्या कडेनं आधी घालू. सांग कुठं."

मुमताजला कळलं. तीही काही बोलली नाही. बोट दाखवलं, इथं.

नव्या किलच्या घातल्या. कडूनिंबाचा पाला. मग माती, थर थर करून, पाणी शिंपून, चोपून. शेवटी गावाबाहेरच्या खाणीतून आणलेली खारी. मुमताज मधोमध उभी राहून उतार बघायची, एक डोळा मिटून, अगदी खाजासारखा. "तिथं खड्डा. तिथं जास्त. अक्का, हलका हात, भाकर थापताय का भिंत?" यशोदाबाई ओरडली, पण ऐकलं. बाकीच्या बायका खालून बघत होत्या. रुपचंद बघत होता. म्हणाला, "सही करायचीच आहे, मग कशाला हा उपद्व्याप?"

"मयतालाही आंघोळ घालतात, रुपचंद," यशोदाबाईनं वरून उत्तर दिलं. "तू बघत राहा."

साणं शेवटी उघडलं. सिमेंट फोडायला छिन्नी लागली. ते निघालं तेव्हा वरून उन्हाचा एक गोल खाली पडला, थेट घराच्या मध्ये, अन् ज्योतीची धाकटी पोर त्यात पाय घालून बसली.

एकतीस तारीख. सातही सह्यांचे कागद घेऊन भूषण आला. लिंबाखाली पुन्हा ओळ जमली. त्यानं पुन्हा डब्या टांगल्या. यशोदाबाई तासभर ओट्यावर बसून पोहे निवडत बसली. तीन वेळा तेच पोहे निवडले, पण हे कुणी पाहिलं नाही.

"बाहेर चव्वेचाळीसच," भूषणनं वाचलं. "रुपचंदभाऊ, अडतीस. मुमताजबी, पस्तीस." मग त्यानं शेवटची डबी धरली. "यशोदा अक्का, छत्तीस."

गल्लीत गलका झाला. अतिक म्हणाला, "भूषणभाऊ, माझी सही परत द्या." रुपचंदची बायको रत्ना, जी दुपारभर मुमताजकडेच बसलेली असायची, नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "आम्ही आमचं धाबं उगाच घालवलं."

रुपचंद मात्र सोडेना. "ते काही असो. शब्द दिला होता. त्या दिवशी एकेचाळीस भरलं. काकू, सही."

यशोदाबाई उठली. पोह्याचं सूप बाजूला ठेवलं. "बरोबर बोललास. मी हरले, ते हरले. सही करणार. भूषण, आण कागद. अन् त्यावर आधी लिही, मग सही."

"काय लिहू?"

"तू त्या दिवशी विचारलंस ना, सहा अंशांचा फरक कुठून आला? त्याचं कारण लिही." ती सगळ्या ओळीकडे वळली. आवाज असा की नवव्या घराच्या पन्हाळीपर्यंत जावा. "लिही, की ह्या घरात विंचू कधी पडला नव्हता. व्याही येणार म्हणून यशोदाबाईला आपल्या धाब्याची लाज वाटली. तिनं साणं बुजवलं, खारी काढली, काळा कागद घातला, शेजारणीची भिंत नासवली. घर तापलं ते तिच्या लाजेनं. मातीनं नाही. मग तिनंच ते उघडलं, अन् घर थंड झालं. दोन कूलर विकायला काढलेत, ज्याला पाहिजे त्यानं न्यावे."

भूषणचं पेन थांबलं होतं. "अक्का, ह्या कागदावर त्याला जागा नाही. इथं फक्त दोन रकाने आहेत. कच्चं, पक्कं."

"मग तिसरा पाड."

"वरचे साहेब मान्य करतील की नाही, सांगता येत नाही."

"तुला मान्य आहे का?"

भूषणनं दारातून आत पाहिलं, साण्यातून खाली पडणाऱ्या त्या उन्हाच्या गोलाकडे, अन् मग हातातल्या डबीकडे. "आहे," तो म्हणाला. "मी स्वतः मोजलंय."

"मग साहेबाला सांग, स्वतः ये. पाणी पाजीन, अन् मग भांडीन."

त्यानं पट्टी काढली. कच्चं आणि पक्कं ह्यांच्या पुढे एक उभी रेघ ओढली, वर लिहिलं, माती, दुरुस्त करून ठेवावी. खाली यशोदाबाई सांगत गेली तसं सगळं लिहिलं, विंचवासकट. ज्योतीनं एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं. व्याह्याचं वाचताना ती पुन्हा हसली.

यशोदाबाईनं पेन घेतलं, त्या तिसऱ्या रकान्याखाली टेकवलं. चौथीत शाळा सुटली तेव्हाचं अक्षर, मोठं मोठं, वाकडं. य लिहिताना तिची जीभ बाहेर आली. सगळं नाव लिहून झालं, तरी तिनं पेन दिलं नाही.

"मुमताज," ती म्हणाली, "इकडे ये. तू पण कर."

"घर अतिकच्या नावावर आहे, अक्का."

"घर असेल अतिकच्या नावावर. उतार कुणाचा आहे?"

मुमताज पुढे आली.